शनिवारचे स्वच्छ कपडे

लिस्बनच्या रोसिओ चौकातली फरसबंदी काळ्या-पांढऱ्या दगडांची आहे. नक्षी अशी लाटांची की जमीन सपाट असूनही पाय जपून पडतो. मी खाली बघत चालले होते, त्यामुळे चौकाच्या उत्तरेची उंच खांबांची देखणी इमारत जरा उशिराच नजरेत भरली. ते इथले राष्ट्रीय नाट्यगृह. दाराशी नाटकांचे फलक, पायऱ्यांवर आइस्क्रीम खाणारी पोरे, आणि कबुतरांना हुसकावत बसलेला एक म्हातारा.

“आई, इथंच होतं ते,” मुलगी म्हणाली.

ती इथे नोकरीला आहे. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे ऐकतच आमच्याकडची मुले मोठी होतात. पोरगी जर्मनीला गेली असती तर म्हणीची दोन्ही टोके आमच्या घरात आली असती, पण ती पोर्तुगालला आली. आणि आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या तिच्या आईला ट्राम आणि किल्ला सोडून एका वैद्याचा माग काढायचा होता. सोळाव्या शतकातला वैद्य, नाव गार्सिया द ओर्ता. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या पाथरीशी त्याचा लांबून का होईना संबंध आहे. तो पुढे येईलच. आधी ही नाट्यगृहाची जागा.

इथे पूर्वी एस्ताउश नावाचा राजवाडा होता. राजा मॅन्युएलला स्पेनची राजकन्या करायची होती, आणि स्पेनची अट होती की ज्यूंना हाकला. स्पेनने स्वतः १४९२ मध्ये आपले ज्यू घालवले होते, आणि त्यातले कित्येक जण सीमा ओलांडून पोर्तुगालमध्येच आले होते. मॅन्युएलने डिसेंबर १४९६ मध्ये हद्दपारीचा हुकूम काढला खरा, पण व्यापारी, वैद्य, कारागीर असे कामाचे लोक हातचे घालवायची त्याची तयारी नव्हती. मग त्याने काय करावे? जहाजे मिळतील म्हणून हजारो ज्यूंना लिस्बनला बोलावले, या राजवाड्यात कोंडले आणि १४९७ मध्ये बळजबरीने बाप्तिस्मा देऊन टाकला. मुले आधीच हिसकावून घेतली होती. आता देशात ज्यू उरलेच नाहीत, सगळे ‘नवख्रिस्ती’ झाले, म्हणजे स्पेनची अट पूर्ण आणि माणसेही घरात!

पुढे हाच राजवाडा इन्क्विझिशनची कचेरी झाला. इन्क्विझिशन म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, कोण खरा ख्रिस्ती आणि कोण वरवरचा याचा तपास करणारे. ज्या छताखाली माणसांना ओढून ख्रिस्ती केले, त्याच छताखाली त्यांच्या मुलानातवंडांना बसवून ‘तू नीट ख्रिस्ती का नाहीस’ असे विचारले गेले. १८३६ च्या आगीत राजवाडा जळाला आणि दहा वर्षांनी त्या जागी नाटक सुरू झाले. मी पायऱ्यांवर बसले. मुलगी म्हणाली, पाणी हवंय का? म्हटले, थांब जरा, हे डोक्यात बसू दे.

डोक्यात बसत नव्हती ती त्यातली कायदेशीर बाजू. क्रौर्य इतिहासाच्या शिक्षिकेला नवे नाही. पण मी तोवर समजत होते की हे न्यायालय ज्यूंचा न्याय करी. तसे नव्हते. उघडपणे ज्यू असणाऱ्या माणसावर त्याचा सहसा अधिकारच चालत नसे. अधिकार चाले तो बाप्तिस्मा झालेल्यावर. म्हणजे आधी डोक्यावर पाणी घालायचे, त्या पाण्याने माणूस आपल्या हुकमतीत आणायचा, आणि मग त्याने आपला जुना धर्म पाळला तर त्याला धर्मद्रोही ठरवायचे. गुन्हा घडवण्याचीही व्यवस्था त्यांनीच केलेली!

याचे मूळ फार जुने. स्पेनमधल्या तोलेदोला ६३३ साली बिशपांची सभा भरली, अध्यक्ष सेव्हिलचे इसिदोर, मोठे विद्वान. आधीच्या एका राजाने ज्यूंना सक्तीने बाटवले होते, त्यांचे काय करायचे हा प्रश्न होता. सभेने ठरवले की कुणावर धर्माची सक्ती करू नये. पण सक्ती होऊन गेलीच असेल तर त्या लोकांनी ख्रिस्तीच राहिले पाहिजे, कारण झालेला संस्कार पुसता येत नाही. या निकालाचा पहिला अर्धा भाग वाचला की बिशपांविषयी आदर वाटतो. पुढची साडेआठशे-नऊशे वर्षे कामाला आला तो दुसरा.

आणि ही फक्त मध्ययुगाची गोष्ट म्हणावी तर तसेही नाही. १८५८ साली, म्हणजे मुंबईला आगगाडी सुरू झाल्यावर पाच वर्षांनी, इटलीतल्या बोलोन्यात पोपच्या पोलिसांनी एडगार्डो मोर्तारा नावाचा सहा वर्षांचा ज्यू मुलगा आईबापांकडून उचलून नेला. का, तर तान्हा असताना तो आजारी पडला होता आणि घरातल्या ख्रिस्ती मोलकरणीने गुपचूप त्याच्यावर पाणी शिंपडले होते. मूल ख्रिस्ती झाले, आणि ख्रिस्ती मूल ज्यूंच्या घरी वाढू शकत नाही! युरोप-अमेरिकेत गदारोळ झाला. पोप नववे पायस हलले नाहीत. मुलगा पुढे पाद्री झाला.

धर्मगुरूंमध्येही सगळे एका माळेचे मणी नव्हते, हेही नोंदवले पाहिजे. सिल्व्हशचे बिशप फेर्नांदो कुतिन्यू यांनी १४९७ चा तो बाप्तिस्मा डोळ्यांनी पाहिला होता, केस धरून ओढत नेलेली माणसे पाहिली होती. तीसेक वर्षांनी एका नवख्रिस्त्याचा खटला त्यांच्यापुढे आला तेव्हा म्हाताऱ्या बिशपांनी न्यायाला बसायलाच नकार दिला. असा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे, मग धर्मद्रोह कुठला, असे त्यांचे म्हणणे. एका बिशपाचे मत. पोप तिसरे पॉल यांनी १५३६ मध्ये पोर्तुगालला इन्क्विझिशन मंजूर केले.

नाट्यगृहाच्या बाजूनेच साव दोमिंगुश चर्चच्या चौकात जाता येते. कोपऱ्यावर चेरीच्या दारूचे चिमुकले दुकान, १८४० पासूनचे, तिथे उभ्याउभ्या पेला रिकामा करून बिया थुंकणारी माणसे. आणि चौकभर गप्पा मारणारे आफ्रिकी लोक, कुणी कोला नट विकणारे, कुणी नुसतेच बसलेले. मला आमचा शनिवार बाजार आठवला. चर्चच्या आत मात्र आवाज बंद झाला. १९५९ मध्ये इथे आग लागली होती. दुरुस्ती केली, पण खांब तसेच फुटलेले, काळवंडलेले ठेवले आहेत, वर नुसता तांबूस रंग. एप्रिल १५०६ मध्ये, दुष्काळ आणि प्लेग चालू असताना, इथल्या क्रूसावर कुणाला तेज दिसले. लोक चमत्कार म्हणू लागले. एक नवख्रिस्ती म्हणाला, मेणबत्तीचा उजेड पडलाय. त्याला तिथल्या तिथे ठार केले, आणि दोन डोमिनिकन साधू क्रूस हातात घेऊन जमावाला चिथावत बाहेर पडले. तीन दिवस कत्तल चालली. मेलेल्यांचा आकडा दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत सांगतात. राजाने नंतर त्या दोन साधूंना मृत्युदंड दिला, शहराचे हक्क काढून घेतले. चौकात २००८ पासून दावीदचा तारा कोरलेला दगडी स्मारकगोल आहे. त्याला टेकून एक पोरगी मोबाइलवर बोलत होती.

मेणबत्तीचा उजेड म्हणणारा मेला. मी विज्ञानाच्या शिक्षकांना सांगणार आहे हे.

संध्याकाळी मुलीच्या घरी कॉफी घेताना इन्क्विझिशनने चर्चमधून वाचून दाखवायचे जाहीरनामे कसे असत ते तिला वाचून दाखवले. शेजारच्या घरात ज्यू चालीरीती चालू आहेत हे ओळखायचे कसे, त्याची खूणगाठ. शुक्रवारी संध्याकाळी दिवे पुसून नव्या वाती घालतात का? डुकराचे मांस टाळतात का? सप्टेंबरात उपास करतात का? शनिवारी धुतलेले कपडे घालतात का? यातले काही दिसले आणि कळवले नाही, तर न कळवणाराही दोषी.

“धुतलेले कपडे?” तिने दोनदा विचारले.

धुतलेले कपडे. मला त्या क्षणी आठवला आपला कोकण. अलिबाग, रेवदंडा, पेणच्या बाजूचे बेने इस्रायली तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. झाले. शनिवारच्या नावाने त्यांची जात ओळखली जाऊ लागली, यापलीकडे गावाने त्या शनिवारात नाक खुपसले नाही. रेवदंड्याला पोर्तुगीजांचा कोट होता, आणि समुद्राने थोडे खाली गोव्यात हाच शनिवार माणसाला खांबाला बांधून जाळायला पुरेसा होता. पेण-पनवेलची ही माणसे आज इस्रायलमध्ये मराठी बोलतात. लिस्बनच्या नवख्रिस्त्यांतल्या ज्यांना निसटता आले ते ॲम्स्टरडॅमला, इस्तंबूलला पोचले. बाकीचे पोर्तुगीज रक्तात विरून गेले.

इथे छाती फुगवायचा मोह होतो. मी तो फार वेळ टिकू दिला नाही, कारण दुसऱ्याच पानावर ‘लिंपेझा द सांग्’ आले, रक्ताची शुद्धता. पोर्तुगालमध्ये सरकारी पद, पाद्रीपण, विद्यापीठातली जागा हवी असेल तर पिढ्यान्‌पिढ्यांत ज्यू रक्त नाही असा दाखला लागे. साक्षीदार गावोगाव पाठवून आजी-पणजी कुठली ते विचारले जाई. हा भेद कायद्याने मिटवला तो पंतप्रधान पोंबाल याने, १७७३ साली. हे वाचून मराठवाड्यातल्या बाईने अचंबा वाटल्याचे नाटक करू नये. आजीची आजी कुठली हे विचारून पाण्याचा हंडा दूर सरकवणे आम्हाला कुणी लिस्बनहून येऊन शिकवले नव्हते.

आता पाथरी.

फरिश्ता हा अहमदनगर-विजापूरच्या दरबारांत वावरलेला इतिहासकार. तो सांगतो की पाथरीच्या कुळकर्णी घराण्यातले एक ब्राह्मण कुटुंब विजयनगरच्या मुलखात गेले होते. तिथे त्यांचा तिमाप्पा नावाचा पोरगा बहमनी फौजेच्या हाती लागला. त्याला मुसलमान करून सुलतानाच्या पदरी वाढवले, नाव ठेवले मलिक हसन. हुशार निघाला, फारसी शिकला, चढत चढत बहमनी राज्याचा मुख्य वजीर झाला. त्याचा मुलगा अहमद १४९० मध्ये स्वतंत्र झाला आणि पुढे त्याने अहमदनगर वसवले, आताचे अहिल्यानगर. अहमदचा मुलगा बुऱ्हाण निजामशहा. या बुऱ्हाणने वऱ्हाडच्या इमादशाहीकडे पाथरी मागितली. का, तर वडिलोपार्जित गाव आहे आणि भाऊबंद अजून ब्राह्मण आहेत, त्यांचे वतन आहे. बदल्यात दुसरा प्रदेश देऊ केला. मिळेना तेव्हा लढून घेतली, आणि त्या ब्राह्मण नातेवाइकांना इनाम दिली. सुलतान मुसलमान, पुढे शियाही झाला, आणि चुलत घर पूजाअर्चा करणारे. माझ्या लहानपणी पाथरीत ही हकिगत कुणी सांगितली नाही. ती मी नोकरीत असताना वाचली आणि वर्गात सांगितली, तेव्हा पोरे म्हणाली, बाई, मग त्याची जात कोणती?

याच बुऱ्हाणच्या दरबारात गार्सिया द ओर्ता वैद्य म्हणून यायचा. सीमेजवळच्या कास्तेलो द व्हीद गावी १५०१ च्या आसपास जन्मला. आईबाप स्पेनमधून हाकललेले ज्यू, १४९७ च्या लाटेत ख्रिस्ती झालेले. सालामांका आणि आल्कालाला वैद्यक शिकला, लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. पण हवा त्याला कळत असावी. नवख्रिस्त्यांना देश सोडायलाही बंदी झालेली होती. मोठ्या सरदाराचा खासगी वैद्य म्हणून तो मार्च १५३४ मध्ये जहाजावर चढला आणि गोव्याला आला. दोनच वर्षांनी लिस्बनला इन्क्विझिशन बसले.

गोव्यात त्याने नाव काढले. मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले होते, तिथल्या आपल्या आंब्याचे त्याने कौतुक केले आहे. अहमदनगरला निजामशहाशी त्याची दोस्ती जमली. रोगांची आणि औषधांची अरबी नावे सुलतान त्याला सांगे, तो सुलतानाला लॅटिन नावे शिकवी. सुलतानाने वेळोवेळी मिळून बारा हजारांवर पर्दाव नाणी दिली, आणि वर्षातले काही महिने इथेच राहा तर चाळीस हजारांचे उत्पन्न देतो म्हणाला, असे ओर्ताने स्वतः लिहून ठेवले आहे. त्याने ते घेतले नाही. मला यातला पैसा मोठा वाटत नाही. पकडून मुसलमान केलेल्या पोराचा नातू आणि पकडून ख्रिस्ती केलेल्या बापाचा मुलगा एकमेकांसमोर बसून हिंग, अफू, जायफळावर बोलतात, हे चित्र मला गेली कित्येक वर्षे सुटत नाही. दोघांना एकमेकांचे हे ठाऊक होते की नाही, कुणास ठाऊक. ओर्ताने तरी आपले कागदावर आणले नाही. आणण्यासारखे नव्हतेच.

गोव्यात इन्क्विझिशन यायच्या आधीच, १५४३ मध्ये, जेरोनिमु दियाश नावाच्या नवख्रिस्ती वैद्याला गळा आवळून जाळले होते. हुकूम बिशपांच्या न्यायालयाचा. ओर्ता तेव्हा गोव्यातच होता. एकाच शहरातले एकाच धंद्याचे दोघे! मे १५४६ मध्ये फ्रान्सिस झेवियर यांनी पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इकडे इन्क्विझिशन पाठवा अशी विनंती केली, कारण मोशेच्या धर्माने राहणारे लोक इथे फार झाले आहेत. विनंती मान्य व्हायला चौदा वर्षे लागली, तोवर झेवियर वारलेही होते. १५६० च्या अखेरीस आलेल्या न्यायाधीशांपैकी मुख्य आलेशु दियाश फाल्काव.

आता ओर्ताच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाकडे यायचे. भारतातल्या औषधी आणि वनस्पतींवरचे हे पुस्तक गोव्यात १० एप्रिल १५६३ ला छापून झाले. सगळे संवादाच्या रूपात: ओर्ता आणि त्याचा रुआनू नावाचा पाहुणा बोलताहेत. भांग खाल्ल्यावर माणूस कसा वागतो, फणसाचा गर कसा, पटकीचा रोगी किती तासांत दगावतो. पोर्तुगालचा महाकवी कामोंइश याची पहिली छापील कविता यातच आहे. चार वर्षांत लॅटिन भाषांतर होऊन युरोपभर गेले. आणि मुखपृष्ठावर स्वच्छ छापले आहे की हे पुस्तक या प्रांताचे इन्क्विझिटर आलेशु दियाश फाल्काव यांनी पाहिले आहे. ज्याच्या हाताखालचे लोक शेजारच्या घरातला शनिवार हुंगत फिरत होते, त्याची सही मिरवत पुस्तक बाहेर पडले. मी लिस्बनच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात नव्या आवृत्तीतले ते पान पाहिले आणि दुकानदाराला दाखवले. तो शांतपणे म्हणाला, बाई, त्याशिवाय छापता येत नव्हते.

ओर्ता १५६८ मध्ये बिछान्यावर मेला. लगेच बहिणीला पकडले. कातारिना, तिला लिस्बनमध्येही पूर्वी एकदा धरले होते, त्यानंतर ती आईबरोबर भावाकडे गोव्याला आली होती. तिच्या नवऱ्याने जबानी दिली, तिने स्वतःही चौकशीत दिली: गार्सिया मोशेचा नियमच खरा मानत होता. २५ ऑक्टोबर १५६९ ला कातारिनाला जिवंत जाळले. अकरा वर्षे फाइल चालू राहिली. डिसेंबर १५८० मध्ये गार्सियाची हाडे उकरून काढली, मिरवणुकीने नेली, जाळली आणि राख मांडवीत टाकली. मेलेल्यावरही खटला चालतो हे मला माहीत होते, पण बारा वर्षे जमिनीखाली असलेल्या माणसाविषयी टिपणे लिहीत बसलेला तो कारकून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. या खटल्यांचे कागद पोर्तुगीज इतिहासकार आउगुश्तु दा सिल्वा कार्व्हाल्यु यांनी १९३४ मध्ये उजेडात आणेपर्यंत ओर्ताचे चरित्रकार त्याला बिनबोभाट चांगला ख्रिस्ती समजत होते.

जुन्या गोव्यात बाँ जेझूच्या बासिलिकेत झेवियर यांचे शव चांदीच्या पेटीत आहे, लाखो लोक दर्शनाला जातात. तिथून चालत जाता येईल इतक्या अंतरावर इन्क्विझिशनचा वाडा होता, आधीचा आदिलशहाचा. आज तिथे काही नाही. ती न्यायसभा १८१२ मध्ये कायमची बंद झाली आणि तिचे बहुतेक कागद जाळून टाकले. उरलेल्या यादीप्रमाणे १५६१ ते १७७४ या काळात सोळा हजारांवर प्रकरणे. त्यात सुरुवातीला नवख्रिस्ती ज्यू भरपूर, पुढे पुढे मात्र बाटलेले हिंदूच जास्त: घरात तुळस ठेवली, लग्नात हळद लावली, अशा गोष्टींसाठी. गोव्याहून घाटावर आणि सावंतवाडीकडे पळालेल्या घराण्यांनी देव डोक्यावर घेऊन नेल्याच्या कथा आपण ऐकतो. त्या कथांच्या बरोबरीने या ज्यू वैद्याचीही कथा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पोपांचे काय म्हणावे हे मला अजून नक्की कळलेले नाही. इन्क्विझिशन त्यांनीच दिले, रोममध्ये चौथ्या पॉलने १५५५ मध्ये ज्यूंना भिंतीआड कोंडलेही. पण आंतोनियु व्हिएरा नावाचा एक जेझुइट पाद्री नवख्रिस्त्यांची बाजू घेऊन राजापुढे भांडला, त्यासाठी आणि इतर कारणांसाठी इन्क्विझिशनने त्याला १६६५ ते ६७ कोठडीत ठेवले. सुटल्यावर तो रोमला गेला आणि पोपकडून पोर्तुगालचे इन्क्विझिशन १६७४ पासून सात वर्षे स्थगित करवून आणले! यात ज्यूंच्या भांडवलावर ब्राझीलचा व्यापार चालवायचा हिशेबही होता, तो व्हिएराने लपवला नव्हता. त्याचा पुतळा लिस्बनच्या जुन्या भागात २०१७ मध्ये उभारला आहे. भोवती आदिवासी मुले दाखवली आहेत आणि त्यावरून शहरात भांडणे झाली. कुणी त्यावर रंगही फासला.

लिस्बनचे सिनेगॉग शोधायला आम्हाला वेळ लागला, कारण ते रस्त्यावरून दिसतच नाही. १९०४ मध्ये बांधले तेव्हा कॅथलिक नसलेल्या प्रार्थनास्थळाला रस्त्याकडे तोंड ठेवायला मनाई होती. म्हणून बाहेर नुसते फाटक, आत अंगण, मग इमारत. पोलिसाने पासपोर्ट पाहिला, पिशव्या पाहिल्या. मी मुलीला म्हटले, आपल्याकडे मुंबईत मांडवीला सॅम्युएल दिवेकरांनी १७९६ मध्ये सिनेगॉग बांधले, आणि पुण्याच्या लष्करातले लाल देऊळ तर १८६७ पासून एवढा मनोरा घेऊन उभे आहे की रिक्षावाले पत्ता सांगायला वापरतात. मी काय म्हणाले ते पोलिसाने मुलीला विचारले. तिने सांगितले. तो हसला नाही, पण पासपोर्ट मात्र दोन्ही हातांनी परत दिला.

कास्तेलो द व्हीदला गाडीने गेलो. लिस्बनहून सव्वादोनशे किलोमीटर, निम्मा रस्ता आलेंतेझूच्या पिवळ्या माळरानातून. बुचाच्या झाडांची साल नऊ वर्षांनी एकदा काढतात, आणि सोललेल्या बुंध्यावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा पांढऱ्या रंगाने लिहितात. उन्हात उभी असलेली ती आकडे घातलेली झाडे बघत आम्ही गेलो. गाव डोंगरउतारावर, चुन्याने पांढरे, दारांना दगडी कमानी. ज्यू गल्लीत काही चौकटींवर उजव्या बाजूला दगडात खाचा आहेत. घरात शिरताना हात लावायचा मंत्रपट तिथे बसवलेला असायचा, असे सांगतात. जुने सिनेगॉग आता संग्रहालय आहे. राष्ट्राध्यक्ष मारियु सोआरेश यांनी १९८९ मध्ये याच गावात येऊन पोर्तुगालच्या वतीने ज्यूंची माफी मागितली. चर्चने इतर धर्मांविषयी आपली भूमिका बदलली ती १९६५ मध्ये, ज्यूंवर ख्रिस्तहत्येचा दोष सरसकट ठेवता येणार नाही असे सांगून. आणि दुसरे जॉन पॉल यांनी मार्च २००० मध्ये रोमला क्षमा मागितली. ओर्ताचे नाव आज लिस्बनपलीकडच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयाला आहे, पणजीतल्या पालिकेच्या बागेला आहे, आणि जुन्या वीस एस्कुदोच्या नोटेवर त्याचा चेहरा होता.

संग्रहालयात बसलेल्या बाईंना मी, मुलीच्या तोंडून, विचारले की निजामशहाविषयी इथे काही आहे का. त्यांना नाव माहीत होते, एवढेच. मग मी तिमाप्पापासून सुरुवात केली. बाई पेन बाजूला ठेवून ऐकत होत्या. पोरगा पकडला, धर्म बदलला, नातू राजा झाला, इथवर त्या मान डोलावत राहिल्या. हे त्यांच्याकडचेच होते. ब्राह्मण भाऊबंदांना गाव इनाम दिल्याचे सांगितले तेव्हा त्यांनी हात वर केला.

“थांबा. ते नातेवाईक जुन्या धर्मातच होते? आणि राजा त्यांना उघड भेटायचा?”

हो म्हटले.

“आणि त्याच्या काझींनी त्याच्यावर खटला नाही भरला?”

नाही म्हटले. बाईंनी मुलीला पुन्हा विचारून खात्री करून घेतली, भाषांतरात काही चुकले नाही ना. मग त्यांनी पाथरीत त्या घराण्याचे आज काय आहे ते विचारले. मी म्हटले, पाथरीला लोक साईबाबांचे जन्मस्थान मानल्या जाणाऱ्या जागेवरच्या मंदिरात येतात. तिमाप्पाचे नाव फारसे कुणी काढत नाही. मुलीने ते पोर्तुगीजमध्ये सांगितले, आणि बाईंनी पाथरीचे स्पेलिंग आपल्या वहीत तिच्याकडूनच लिहून घेतले.